टेकऑफला पोटात गोळा का येतो? जुहूची छोटी धावपट्टी आणि जेआरडी टाटांचं आयुष्य

गोंदियातून हैदराबादच्या विमानात पहिल्यांदा बसलेला माणूस घरी फोन केला की एक गोष्ट हमखास सांगतो. तिकीट कितीला पडलं ते नंतर. आधी सांगतो तो टेकऑफ. विमान पळत सुटलं, पाठ सीटला चिकटली, नाक वर गेलं आणि खिडकीतून धानाची शेतं एकदम तिरकी दिसायला लागली.

बिरसी विमानतळ तसा जुना. इंग्रजांनी १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेला. पुढं बरीच वर्षं तो नुसताच पडून होता, मग तिथं वैमानिक घडवणारी संस्था आली आणि २०२३ च्या डिसेंबरपासून इंडिगोचं एटीआर विमान हैदराबाद आणि तिरुपतीसाठी उडायला लागलं. एटीआर हे पंख्याचं विमान, जेट नव्हे. धावपट्टी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्याला पुरून उरणारी. पण शहराच्या मधोमध अडकलेल्या छोट्या धावपट्टीवरून जेट विमान उडतं तेव्हा ते याहून सरळ वर चढताना दिसतं. बघणाऱ्याला वाटतं पायलट मस्ती करतोय.

मस्ती वगैरे काही नसते. ते सगळं गणित असतं. आणि हे गणित ज्या माणसाच्या आयुष्याला शेवटपर्यंत चिकटून राहिलं, तो माणूस आपल्या मुंबईचा होता. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जेआरडी.

जेआरडींचं नाव घेतलं की लोकांना स्टील, ट्रक, साबण, भारतरत्न वगैरे आठवतं. आज ते सगळं बाजूला ठेवू. आज फक्त धावपट्टीवरून त्यांचं आयुष्य बघू.

तर झालं असं की २९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये हे पोरगं जन्माला आलं. वडील रतनजी दादाभाई टाटा, आई सुझान ही फ्रेंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समध्ये हार्देलोच्या समुद्रकिनारी जायचं. तिथंच जवळ लुई ब्लेरिओचं घर. ब्लेरिओ म्हणजे तोच, ज्यानं १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली. त्या किनाऱ्यावर विमानं चक्क वाळूवर उतरायची आणि वाळूवरूनच उडायची. धावपट्टी वगैरे भानगडच नव्हती. पंधरा वर्षांच्या आसपास जहांगीरला एका विमानातून चक्कर मारायला मिळाली आणि तिथंच त्याचं ठरलं, आपण पायलट व्हायचं.

पण घरच्या धंद्यानं आधी ओढून घेतलं. मध्ये वर्षभर फ्रेंच सैन्यात चाकरी झाली. १९२५ च्या शेवटी ते मुंबईत टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसले आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. विमान मागं राहिलं ते १९२९ पर्यंत. त्या वर्षी मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडींच्या हातात परवाना पडला. भारतात दिला गेलेला पहिला. त्याच्यावर आकडाच होता १.

मग आगाखानांनी बक्षीस लावलं. भारत ते इंग्लंड किंवा उलट, एकट्यानं विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले, आणि समोरून इंग्लंडहून अ‍ॅस्पी इंजिनियर नावाचा कोवळा पोरगा येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी तिथं स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी स्वतःकडचा प्लग त्याला दिला. अ‍ॅस्पी आधी पोचला, बक्षीस त्याला मिळालं. जेआरडी काही तासांनी हरले. हाच अ‍ॅस्पी पुढं भारताचा हवाईदल प्रमुख झाला. आजच्या भाषेत याला लोक येडेपणा म्हणतील, पण असो.

आता येऊ जुहूवर.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. भारतातला पहिला नागरी विमानतळ. विमानतळ म्हणण्यापेक्षा समुद्राशेजारचं चिखलाचं मैदान म्हणा. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाईदलातला माजी पायलट टपाल विमानानं नेण्याची योजना घेऊन आला आणि जेआरडींनी ती उचलून धरली. सरकारकडून एक पैशाची मदत नव्हती. टाटांनी घातलेले २ लाख रुपये आणि पुस मॉथ जातीची दोन छोटी विमानं, एवढाच कारभार.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोडवरून जेआरडी एकटे उडाले. सोबत २५ किलो टपाल. मध्ये अहमदाबादला तेल भरायला उतरले. तिथं तेलाचे डबे बैलगाडीतून आले होते. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकलं. तिथून पुढं व्हिन्सेंट ते टपाल घेऊन मद्रासकडे गेले.

पहिल्या वर्षात या धंद्यानं १५५ प्रवासी आणि दहा टनांच्या आसपास टपाल वाहिलं. नफा ६०,००० रुपये. वाईट नाही.

पण एक लोचा होता. पाऊस लागला की जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं. चिखलात विमानाची चाकं रुतली की वेग धरतच नाही, आणि वेग नाही तर उड्डाण नाही. मग दर पावसाळ्यात ही अख्खी विमानकंपनी बोचकं बांधून पुण्याला यायची. येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून उडायची. चार महिने पुणे, आठ महिने जुहू. देशाची विमानसेवा अशी सुरू झाली.

वजनाचं गणित

आता जरा गणित समजून घेऊ. घाबरू नका, सातवीच्या पलीकडचं नाही.

विमान उडतं कारण पंखावरून हवा वेगानं जाते. ठराविक वेग येईपर्यंत पंख वजन उचलू शकत नाहीत. म्हणून आधी पळायचं, वेग धरायचा, मग नाक उचलायचं. वजन वाढलं की दोन गोष्टी एकदम बिघडतात. एक तर उडायला जास्त वेग लागतो. दुसरं म्हणजे तो वेग गाठायलाच वेळ लागतो, कारण इंजिनाचा जोर तेवढाच आणि ढकलायचं ओझं जास्त. दोन्ही मिळून वजन १० टक्क्यांनी वाढलं तर पळायचं अंतर साधारण २१ टक्क्यांनी वाढतं. वजन दुप्पट, तर अंतर जवळपास चौपट.

त्यात उन्हाळा. आपल्या विदर्भातला मे महिना घ्या. १५ अंशांवरून पारा ४५ वर गेला की हवा जवळपास १० टक्के विरळ होते. विरळ हवेत पंख कमी उचलतात आणि इंजिनही दमतं. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी कधीकधी सामान किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात. आपण कंपनीला शिव्या घालतो, पण तिथं खरा मालक थर्मामीटर असतो.

उलट बाजूही बघा. वजन कमी केलं की तेच विमान थोडक्यात पळतं आणि झपकन वर जातं. इंजिनाचा जो जोर वजन ढकलण्यात जात होता, तो आता वर चढायला मोकळा झाला. छोट्या धावपट्टीवरून उडणारं जेट एवढं तिरकं का चढतं, याचं अर्धं उत्तर इथं आहे. छोट्या धावपट्टीवर ते जड होऊन येऊच शकत नाही. इंधन मोजून घेतलेलं, कधी सीटाही कमी. लंडनच्या मधोमध असलेल्या सिटी विमानतळाची धावपट्टी दीड किलोमीटरची. तिथून ब्रिटिश एअरवेजनं २००९ ते २०२० न्यूयॉर्कला विमान चालवलं. एअरबस ए३१८, त्यात फक्त ३२ सीटा. तरीही पूर्ण इंधन घेऊन तिथून उडता येत नव्हतं, म्हणून जाताना आयर्लंडमध्ये शॅननला उतरून टाकी भरायची. येताना मात्र न्यूयॉर्कची धावपट्टी लांबलचक, त्यामुळं थेट.

उरलेलं अर्धं उत्तर थोडं भीतीदायक आहे. नियम असा की टेकऑफ करताना ऐन मोक्याला एक इंजिन बंद पडलं तरी विमान सुखरूप वर गेलं पाहिजे. दोन इंजिनांच्या जेटला एका इंजिनावर, चाकं आत घेतल्यावर, किमान २.४ टक्के चढ घेता आला पाहिजे. म्हणजे १०० मीटर पुढं जाताना २.४ मीटर वर. चार इंजिनवाल्याला ३ टक्के. आता विचार करा. दोन इंजिनांच्या विमानात एक गेलं तर निम्मा जोर गेला. निम्म्या जोरावर चढायचं असेल तर दोन्ही इंजिनं चालू असताना त्याच्याकडे जोराचा डोंगर शिल्लक असतो. चार इंजिनवाल्याचा फक्त चौथा भाग जातो, म्हणून त्याला एवढा साठा लागत नाही. त्यामुळंच दोन इंजिनांची विमानं सर्रकन वर जातात आणि जुनी चार इंजिनांची धूड लांबवर जमिनीलगत रेंगाळायची.

आणि शहर असलं की पुढं इमारती, टेकड्या आणि झोपलेली माणसं असतात. लवकर उंची गाठली की सगळ्यांचंच भलं.

जुहू अपुरं पडलं

महायुद्धानंतर विमानं मोठी झाली. व्हिन्सेंट १९४२ मध्येच युद्धकाळात गेले होते. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ च्या रात्री मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, त्यात स्वतः जेआरडी बसले होते. पण ते विमान जुहूवरून उडालं नाही. एवढं ओझं घेऊन पळायला जुहूत जागा कुठं होती? ते उडालं सांताक्रूझहून.

इथं खरी गंमत सुरू होते. जुहू आणि सांताक्रूझ एकमेकांपासून काही किलोमीटरवर. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेला, पूर्व-पश्चिम. समुद्रावरून येणाऱ्या पायलटला आधी जुहूची दिसते आणि मग सांताक्रूझची. पुढं काय होणार हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

१५ जुलै १९५३. ब्रिटनच्या बीओएसी कंपनीचं कॉमेट मुंबईला आलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, त्या काळचं कौतुक. सांताक्रूझला उतरायचं ते विमान चुकून जुहूवर उतरलं. भर जुलै महिना. विमान थांबलं, पण आता प्रश्न उलटा झाला. उतरलं खरं, उडायचं कसं?

जुहूची मोठी धावपट्टी आजच्या मोजमापानं ११०० मीटरच्या थोडी पुढं. कॉमेटची सुरुवातीची इंजिनं काही फार ताकदवान नव्हती. त्यात चारच महिन्यांपूर्वी, मार्च १९५३ मध्ये, एक कॉमेट कराचीहून टेकऑफ करताना कोसळलं होतं आणि त्यातले ११ च्या ११ जण गेले होते. कारण काय? नाक फार लवकर आणि फार वर उचललं गेलं. पुरेसा वेग नसताना नाक वर केलं की पंख हवा कापण्याऐवजी हवेला आडवे येतात. विमान पळत राहतं, उडत नाही, आणि धावपट्टी संपते. आदल्या ऑक्टोबरमध्ये रोमलाही असंच घडलं होतं, तिथं माणसं वाचली. म्हणजे तिरकं चढायची घाई हाच सापळा. आधी वेग, मग कोन. ज्या कराचीतून जेआरडींनी २५ किलो टपाल घेऊन सुरुवात केली, त्याच गावानं जेट युगाला हा धडा दिला.

जुहूवर अडकलेल्या पायलटकडे अशा वेळी एकच खरं हत्यार असतं, वजन. प्रवासी नाहीत, सामान नाही, इंधन शेजारच्या गावाला जाण्यापुरतं. नऊ दिवसांनी ते कॉमेट जुहूवरून उडून गेलं. छोट्या धावपट्टीवरून जेटचा टेकऑफ मुंबईनं पाहिला तो असा, चुकीतून.

त्यानंतर आठवड्याभरात, १ ऑगस्ट १९५३ ला, जेआरडींची विमानकंपनी सरकारची झाली. त्यांचा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता. विमानसेवा सरकारी खाक्यानं चालणार नाही असं त्यांचं मत होतं. पण नेहरूंनी एअर इंडियाचं अध्यक्षपद सांभाळायला सांगितल्यावर त्यांनी ते घेतलं आणि पुढची पंचवीस वर्षं सांभाळलं. विमानात बसले की पडदे, चहा, कळकट काउंटर, सगळ्याच्या नोंदी करायचे आणि उतरल्यावर संबंधितांना चिठ्ठ्या जायच्या. टाटांसारख्या घराण्याचा माणूस, पण विमानातलं स्वच्छतागृह अस्वच्छ दिसलं तर स्वतः पुसायला कमी करायचा नाही.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोईंग ७०७ आलं. चार इंजिनं, रोल्स-रॉइसची. मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ पर्यंत एअर इंडियानं पंख्याची सगळी विमानं काढून टाकली आणि ती संपूर्ण जेटची कंपनी झाली. जगात हे करणारी पहिली.

जुहूनं मात्र एक शेवटचा हिसका दिलाच. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअर लाइन्सचं डीसी-८ पुन्हा तीच चूक करून जुहूवर उतरलं. हे कॉमेटपेक्षा बरंच जड. थांबायला जागा पुरली नाही, विमान धावपट्टीबाहेर गेलं. जीव कुणाचा गेला नाही, पण विमान कायमचं भंगारात निघालं. यावेळी उडवून न्यायचा प्रश्नच आला नाही.

एक वाईट महिना

टेकऑफच्या वेळी आपल्याला वाटतं विमान ४५ अंशांत उभं राहिलंय. प्रत्यक्षात नाक बहुतेक वेळा १५ अंशांच्या आसपास वर असतं आणि विमानाचा खरा मार्ग त्याहूनही सपाट असतो. मग असं का वाटतं? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे, तिला पुढं ढकललं जाणं आणि मागं कलणं यातला फरक कळत नाही. विमान वेग घेतं, कान सांगतो आपण मागं झुकलोय. दिवसा खिडकीतून क्षितिज दिसतं म्हणून मेंदू सावरतो. रात्री, समोर काळा समुद्र असताना, सावरायला काही नसतं. म्हणून पायलटला शिकवतात, अंगाला काय वाटतं त्यावर जाऊ नका, यंत्रावर जा.

पण यंत्रच खोटं बोललं तर?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं पहिलं जंबो, सम्राट अशोक, सांताक्रूझहून दुबईला निघालं. धावपट्टी भरपूर होती, इंजिनं चारही ठणठणीत. समुद्रावर गेल्यावर उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं आणि विमान अजून उजवीकडे झुकलंय असंच दाखवत राहिलं. त्यांनी ते दुरुस्त करायला डावीकडे वळवलं, अजून वळवलं, आणि दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले.

महिना संपला तोच मोरारजी देसाईंच्या सरकारनं जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून काढलं. त्यांच्या जागी आलेले निवृत्त हवाईदल प्रमुख प्रतापचंद्र लाल यांच्याकडूनच त्यांना ही बातमी कळली. ज्या माणसानं चिखलातून ही कंपनी उभी केली, त्याला साधं आधी सांगायचं सौजन्यही दाखवलं गेलं नाही. पदाचा पगारही त्यांनी कधी घेतला नव्हता. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद परत मिळालं नाही.

१९८२ मध्ये त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. जेआरडी तेव्हा ७८ वर्षांचे. लेपर्ड मॉथ नावाचं जुनं एका इंजिनाचं विमान शोधून आणलं आणि १५ ऑक्टोबरला हे आजोबा कराचीहून पुन्हा एकटे उडाले. मध्ये अहमदाबाद. दुपारी मुंबई. उतरायला सांताक्रूझची भली मोठी धावपट्टी होती, जंबो उतरायची ती.

ते जुहूवर उतरले. त्या हलक्या विमानाला ११०० मीटर म्हणजे चैन होती.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले आणि पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमीत, जन्मगावीच, त्यांचं दफन झालं.

जुहूवर आता मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात. आणि इकडं बिरसीला, कामठ्याच्या बाजूनं गेलात तर सकाळी छोटी शिकाऊ विमानं घिरट्या घालताना दिसतील. उतरायचं, टेकवायचं, लगेच पुन्हा उडायचं, दिवसभर तेच. उन्हाळ्यात ती पोरं भल्या पहाटे उडतात, हवा अजून जड असते तोवर.